पाइलचा रॉबिन हूड: आठ महिने गिरवल्यावर

लेखक-चित्रकार हॉवर्ड पाइलच्या १८८३ च्या 'द मेरी अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड'ची ही पुनर्मुद्रित प्रत मी वाचायला नाही, गिरवायला घेतली. आठ महिने झाले, रोज रात्री अर्धा तास निब आणि काळी शाई.

पुस्तक उघडण्याआधी मनातला रॉबिन कागदावर काढून ठेवला होता. पिसाची टोपी, पाठीला भाता, आखूड अंगरखा, चेहऱ्यावर मिश्कील हसू. मग पानं उलटली आणि ओशाळलो. हे पुस्तक मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, तरी माझा रॉबिन इथलाच निघाला! टोपी-भाता जुनेच, पण ती ऐट पाइलची. त्याचा शिष्य एन. सी. वायथ याने १९१७ मध्ये रॉबिन रंगात आणला. पुढे सिनेमे आले.

गंमत म्हणजे इंग्लंडमधलं रॉबिनचं शेरवुड जंगल काढणारा माणूस अमेरिकेतल्या विल्मिंग्टनचा. युरोपला तो गेला थेट १९१० मध्ये, आणि पुढच्याच वर्षी फ्लॉरेन्समध्ये वारला. शेरवुड त्याने उभं केलं ते वाचून आणि जर्मन चित्रकार ड्यूररची जुनी चित्रं डोळ्यांत साठवून.

सर्वांत जास्त दमवलं ते रॉबिनला पाठुंगळी घेऊन ओढा ओलांडणाऱ्या साधूच्या चित्राने. झग्याच्या घड्या आठ वेळा काढल्या. वळणावर दाब जरा वाढला की शाईचा थेंब पडलाच. पाइल सावली थापत नाही, रेषांची दाटी वाढवत नेतो. हे नुसतं पाहून कळत नाही, हात दुखल्यावर कळतं.

मजकुराची भाषा मुद्दाम जुनी वळणं घेते, मी अडखळत वाचली. पण एक बदल लक्षात राहिला: जुन्या पोवाड्यात रॉबिन पंधरा वनरक्षक मारतो, पाइलकडे एकच, तोही आधी याच्यावर बाण सोडणारा, आणि त्याचाही रॉबिनला पुढे पस्तावा. हसऱ्या चेहऱ्याला शोभेल असाच नायक पाइलने लिहिला.

तक्रार छपाईची. चौकटींच्या नक्षीतल्या बारीक रेषा एकमेकींत मिसळून काळे डाग झालेत, आणि तिसऱ्या महिन्यात बांधणी सुटली. गिरवायचं असेल तर मोठ्या आकाराची प्रत घ्या, आणि आधी आतलं एखादं पान पाहून घ्या.

परवा पुन्हा मनातून रॉबिन काढायला बसलो. या वेळी हट्टाने टोपी नाही, पीस नाही, भाताही नाही. तरी पठ्ठ्या त्याच ऐटीत उभा राहिला.