फोटो प्रिंट: भिंतीवर की पेटीत?

जळगाव-भुसावळकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. अशा घरात चांगली प्रिंट लावावी की जपून ठेवावी?

भिंतीवर ती रोज दिसते, हे सुख मोठंच. पण पश्चिमेची तापणारी भिंत नको, जुन्या धाब्याच्या घरातली ओल धरणारीही नको. काच आणि प्रिंट यांच्यामध्ये आम्लमुक्त माउंट, म्हणजे प्रिंटभोवतीची जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. नाहीतर पावसाळ्यात प्रिंट काचेला चिकटते आणि सोडवताना वरचा थरच निघून येतो. अतिनील किरण अडवणाऱ्या यूव्ही काचेने रंग उडणं मंदावतं, थांबत नाही.

पेटीत उजेडच नाही, त्यामुळे प्रिंट जास्त टिकते. फक्त पीव्हीसी प्लास्टिकची पाकिटं टाळा आणि पत्र्याखालच्या माळ्यावर पेटी टाकू नका. कपाटाचा मधला कप्पा बरा.

मी तर सहीची मूळ प्रिंट पेटीतच ठेवेन, भिंतीवर तिची प्रत.