खडी लागून रेडिएटरची जाळी चेपली? कळंबोलीच्या ह्या दुकानाचा माझा अनुभव

माझं रोजचं जाणंयेणं खारघर ते महापे, आणि डोंबिवलीला आईकडे जायचं म्हणजे महापे-शिळफाटा रोड आलाच. त्या रोडवर खडीचे डंपर किती असतात ते तिथून जाणाऱ्यांना माहितीये. मे महिन्यात अशाच एका डंपरच्या मागे अडकले, वर ताडपत्री नाही, खड्ड्यात आपटला की मागच्या फटीतून खडी रस्त्यावर आणि तिथून उसळून माझ्या बंपरवर. दोनदा टण्ण आवाज आला, पण काच शाबूत होती म्हणून मी उतरून बघितलंच नाही.

आठ-दहा दिवसांनी जाणवायला लागलं की सिग्नलला थांबलं की एसी गार होत नाही, गाडी पळायला लागली की परत बरा. मग एका संध्याकाळी शिळफाट्याच्या जाममध्ये इंजिनच्या टेम्परेचरचा काटा अर्ध्याच्या वर गेला, आणि मागे माझा चार वर्षांचा मुलगा झोपलेला, खरंच घाबरले. जिथे नेहमी सर्व्हिसिंग करते तिथे दाखवलं तर त्यांनी बंपरसुद्धा न काढता नुसता टॉर्च मारला आणि कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारी, रेडिएटरच्या पुढे बसणारी जाळी) आणि रेडिएटर (इंजिनचं पाणी थंड करणारा) दोन्ही बदला म्हणाले, 19 हजार. कुठे लीक आहे विचारलं तर कोणी धड दाखवेना, ह्याचा मला अजून राग आहे.

ऑफिसच्या गाडीवरच्या ड्रायव्हर दादांनी कळंबोलीचं हे दुकान सांगितलं, स्टील मार्केटच्या बाजूला, जास्त करून ट्रकचीच कामं असतात. तिथल्या मेकॅनिक काकांनी बंपर उतरवला, कंडेन्सरचे पाइप न सोडता तो पुढे सरकवून बांधून ठेवला म्हणजे एसीचा गॅस काढावा लागला नाही, आणि रेडिएटर खाली काढून त्याच्या मागे एक बल्ब धरला. म्हणाले, "बघा ताई, उजेड येतो तिथनं हवा जाते, नाही येत तिथनं नाही जात." खालच्या बाजूला दोन वितींचा पट्टा काळाच होता. अर्धी पाती, म्हणजे रेडिएटरच्या जाळीतले पातळ पत्रे, खडीने चेपलेली आणि उरलेल्यात माती, सुकलेली पानं, कसलीतरी पिसं. कंडेन्सर आमच्या गाडीत रेडिएटरपेक्षा आखूड आहे, त्यामुळे खालचा भाग उघडाच राहतो आणि मार तिथेच बसतो, वरचा मार कंडेन्सर खातो म्हणून एसी आधी बिघडला.

मुख्य गोष्ट त्यांनी समजावली ती ही की पाती वाकली म्हणजे रेडिएटर गेला असं नाही, पाती फक्त उष्णता बाहेर सोडतात, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) वाहतं ते मधल्या चपट्या नळ्यांतून, नळीला भोक पडलं तरच लीक. रेडिएटरच्या झाकणावर 1.1 (बार) लिहिलेलं म्हणजे साधारण 16 पौंड प्रेशर, तेवढ्याच प्रेशरची हवा भरून रेडिएटर पाण्याच्या टाकीत बुडवला. मी पाच मिनिटं वाकून बघत होते, एकही बुडबुडा नाही!

मग मातीसाठी इंजिनच्या बाजूने हळू पाणी सोडलं, प्रेशर गन अजिबात लावली नाही कारण त्याने चांगली पातीपण आडवी होतात. आणि मग घासून पातळ केलेल्या ब्लेडने एकेक पात सरळ करत बसले, कागदासारखी नाजूक असतात ती, जोर दिला तर तुटतात आणि ब्लेड घसरलं तर नळीच फाटायची. दीड तास हेच. शेवटी परत बल्ब लावला तेव्हा त्या पट्ट्यातून उजेड आला, तीन-चार ठिकाणी पाती तुटलेलीच होती तिथे त्यांनी उगाच हात लावला नाही.

बिल 1,700, त्यात बंपर काढणं-लावणं आलं. बंपरच्या आतून जाळीपण लावून दिली, मोठ्या भोकांची. मी मच्छरदाणीसारखी बारीक मागत होते, तर त्याने हवाच अडते म्हणून नाही म्हणाले.

तक्रारी आहेत. बसायला जागा नाही, बायकांसाठी तर काहीच सोय नाही, आणि लेखी बिल मागितल्याशिवाय मिळत नाही. त्यांच्याकडचं कूलंट सुटं होतं, मी ते नको म्हटलं आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलं बाहेरून आणलं, ते घालून त्यांनी आत अडकलेली हवा काढून दिली.

आता दोन महिने झाले, काटा अर्ध्याच्या खालीच असतो. सकाळी दहाच्या आत जा, नंतर ट्रकांची रांग लागते.