गॅरेजच्या दारात येणारी टूलवाली गाडी, हप्त्यावर माल घ्यावा का

सोलापुरात होटगी रोड, आसरा, सात रस्ता, अक्कलकोट रोड एमआयडीसी ह्या पट्ट्यात ज्यांचं गॅरेज आहे त्यांना ही गाडी माहीतच असणार. पांढरा छोटा हत्ती, मागं पत्र्याची बंद बॉडी, आत दोन्ही बाजूला खण आणि खणात गोटी सेट (गोटी म्हणजे नटावर बसणारा सॉकेट), रिंग पाने, टी पाने, सर्क्लिप प्लायर, पुलर, नट खोलायची हवेची गन, पार ट्रॉली जॅकपर्यंत सगळं. आठवड्याला एक चक्कर. माल हातात घेऊन बघायचा, आवडला तर ठेवून घ्यायचा, पैसे हप्त्यानं. नाव टाकत नाही, एकतर खाली तक्रार पण लिहिणारय आणि दुसरं म्हणजे आता अशा गाड्या अजून पण फिरायला लागल्यात, सगळ्यांचा धंदा थोड्याफार फरकानं तसलाच आहे. माझ्याकडून पाचात तीन स्टार. सव्वातीन म्हणा, पाव रॅचेटच्या (गोटी फिरवायच्या दांड्याच्या) कामाचा, ते सांगतो.

आधी चांगलं. एप्रिल-मे मधलं सोलापूरचं ऊन, बेचाळीसच्या पुढं पारा, गाडी जॅकवर, गिअरबॉक्स खाली उतरवलेला आणि नेमकी लांब गोटी पाहिजे सतराची, ती पेटीत नाही. पोराला गावात दुकानात पाठवायचं म्हणजे त्याचा तासदीड तास गेला, पेट्रोल गेलं, आणि ते बहाद्दर सोळाची घेऊन येतंय किंवा दुकान जेवणाला बंद म्हणून रिकामं परत. त्या हिशोबानं दारात आलेल्या गाडीवर गोटीला वीसतीस रुपये जादा गेले तर मी कधी तोंड वाकडं करत नाही. दहा नंबरची गोटी तर मी मोजायचं सोडलंय, ती जमीन गिळते की काय कळत नाही, दर महिन्याला एक घ्यावीच लागते, ती ह्याच्याकडूनच.

आता रॅचेटचं. अर्धा इंची रॅचेट ह्याच्याकडूनच घेतलेला, सहासात महिन्यात दात सोडायला लागला, जोर दिला की कट्कन फिरून हात चेसिसवर आपटायचा. गाडी आल्यावर दाखवला. मला वाटलं आता म्हणणार कंपनीला पाठवतो, पंधरा दिवस थांबा. पठ्ठ्यानं तिथंच गाडीच्या फाळक्यावर फडकं टाकलं, रॅचेटच्या डोक्यामागची सर्क्लिप काढली, झाकण उचललं, आत एवढाएवढासा खटका आणि त्याच्यामागं स्प्रिंग, खटक्याच्या कडा गोल झालेल्या. डब्यातून नवीन किट काढलं, गिअर आणि खटका दोन्ही बदलले, थोडं ग्रीस, झाकण बंद. चहा संपायच्या आत. पैसे घेतले नाहीत, म्हणाला गॅरंटीत आहे की ओ मालक. हे काम गावातला दुकानदार करत नाही. तो म्हणतो बिल आणा, बिल असलं तर म्हणतो कंपनीचा माणूस येऊ दे. गाडीवाल्याला पुढच्या आठवड्यात परत माझ्याच दारात उभं राहायचंय, त्यामुळं त्याला टाळाटाळ परवडत नाही, गॅरंटी खरी असते ती एवढ्यासाठीच.

पण हप्ता. लोक म्हणतात बिनव्याजी आहे. तोच म्हणतो, व्याज एक रुपया नाही, फक्त आठवड्याला पाचशे टाका. मी गोटी सेट घेतला तेव्हा गाडीवर भाव साडेचार हजार, पाचशे जागेवर आणि बाकी चार हजार आठ आठवड्यात. तोच सेट, तेच खोकं, तोच शिक्का, गावात रोखीनं चार हजाराला मिळत होता, मी विचारून ठेवलं होतं. म्हणजे रोखीच्या भावानं बघितलं तर पहिले पाचशे दिल्यावर त्याचे माझ्याकडं साडेतीन हजारच अडकले, ते पण दर आठवड्याला कमी होत गेले, सरासरी काढली तर दोन महिने दोन हजाराच्या आतबाहेर बाकी. त्या दोन हजारावर दोन महिन्यात पाचशे जादा दिले. महिन्याला अडीचशे, म्हणजे साडेबारा टक्के. आपल्याकडं खासगी सावकार महिन्याला दहा टक्के लावतो तेव्हा त्याला काय काय बोलतो आपण, आणि हे बिनव्याजी!

आता सगळे पाचशे काय व्याजाचे नाहीत हे मान्य. गाडीचं डिझेल आहे, दारात येण्याचे आहेत, रॅचेटसारखं काम फुकट करतो त्याचे आहेत. मग मी त्याला सरळ विचारलं, आत्ता जागेवर रोख देतो, किती? लगेच चार हजार शंभरवर आला. म्हणजे दारात येण्याचे शंभर आणि उधारीचे चारशे, त्याच्याच तोंडून कळलं. सेट मी तरी पण हप्त्यावरच घेतला कारण त्या आठवड्यात रोकड स्पेअरच्या दुकानात अडकली होती आणि काम समोर उभं होतं, पण डोळे उघडे ठेवून घेतला. तेवढं एक करा, भाव विचारताना दोन भाव विचारा, रोखीचा वेगळा आणि हप्त्याचा वेगळा. तो आधी हसतो, मग सांगतो.

यूट्यूबवर अमेरिकेतले मेकॅनिक बघणाऱ्यांना ही पद्धत कुठून आली ते माहीत असेल. तिकडं स्नॅप-ऑन, मॅटको, मॅक, कॉर्नवेल ह्यांचे मोठे मोठे ट्रक आठवड्याला गॅरेजला येतात, आत शोरूमच असतंय. स्नॅप-ऑन १९२० साली मिलवॉकीत सुरू झाली ती पाच दांडे आणि दहा गोट्या विकत, कुठली पण गोटी कुठल्या पण दांड्याला बसते, त्या आधी प्रत्येक साईजला आख्खा वेगळा पाना घ्यावा लागायचा. आज आपण जो गोटी सेट सहज उचलतो त्याचं मूळ ते. तिकडं पण ट्रकवाल्याकडं छोट्या मालाचं खातं असतं, आठवड्याला थोडे थोडे द्यायचे, आणि मोठी वस्तू, म्हणजे ती माणसाच्या छातीएवढी टूलची पेटी वगैरे, ती कंपनीच्या फायनान्सवर, तिथं व्याज लागतं. पेटी आणि टूल मिळून पोरं लाखोंच्या कर्जात असतात, काही जण तर कार घेण्याच्या आधी पेटी घेतात.

फरक एवढाच की तिकडं मेकॅनिकनं स्वतःचे टूल स्वतः आणायचे असतात, नोकरी बदलली की पेटी ट्रकवर चढवून नवीन गॅरेजला. आपल्याकडं पेटी वस्तादची. पोरगं कामाला लागलं की पहिलं वर्ष पाने पुसून जागेवर लावायला शिकतं, त्याला स्वतःचा पाना लागत नाही. त्यामुळं आपल्याकडं ही गाडी आली तर गिऱ्हाईक मालक असायला पाहिजे. पण हे लोक आता पोरांना माल द्यायला लागलेत आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

आमच्या शेजारी टू व्हीलरवाले अण्णा आहेत, त्यांच्याकडचं एकोणीसवीस वर्षाचं पोरगं, हाताला चांगलं, बीएस सिक्सच्या (धुराच्या नवीन नियमाच्या) गाड्या आल्यापासून पेट्रोल इंजेक्शनचं काम पण शिकून घेतलेलं. गाडीवाल्यानं त्याला स्टार बिटचा सेट, टी पाने आणि एक भारीतली पेटी दिली, आठवड्याला तीनशे. पोराचा पगार किती, त्यात घरी द्यायचे किती, विचारलं कुणी? थोडे दिवस हप्ते दिले आणि पोरगं चाकणला कंपनीत लागलं, पेटी घेऊन गेलं. आता गाडीवाला अण्णांच्या दारात, मालक तुमच्या शब्दावर दिलं होतं. अण्णा म्हणतात शब्द कधी दिला बे, मी तर त्या वेळी बिडी ओढत बाहेर बसलेलो. कागद काय नाही, सही काय नाही. शेवटी अर्धे अण्णांनीच दिले, रोज तोंड बघायचंय म्हणून. पोराची चूक मी म्हणणार नाही, त्याला टूल लागणारच होते. पण उधारी देताना समोरच्याची ऐपत बघायची आणि जामीन कोण ते तोंडावर विचारायचं, एवढं तर गल्लीतला किराणावाला पण करतो.

दुसरी अडचण आपल्या धंद्याचीच आहे. त्याचा हप्ता ठरलेल्या वारी, आणि आपलं गिऱ्हाईक? माझ्याकडं ट्रॅक्टरचं काम जास्त. ऊसवाहतूक चालू असली की ट्रॅक्टर थांबवून चालत नाही, क्लच प्लेट रात्रीत टाकून पाहिजे, आणि पैसे म्हणलं की बिल आलं की देतो भाऊ. कारखान्याचं बिल कधी येतंय ते कारखान्याला पण माहीत नसतं. म्हणजे माझे पैसे उसाच्या बिलावर आणि माझा हप्ता शनिवारवर. संक्रांतीला गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरला की अजून मजा, सगळं गाव तिकडं, गॅरेजला शुकशुकाट, पण हा मात्र येतोच. पिग्मीवाला रोज येतो पण तो घेतलेले पैसे आपल्याच नावावर टाकतो तरी, हा उलट्या दिशेची पिग्मी आहे. एक हप्ता चुकला तर काय बोलत नाही, दोन चुकले की नवीन माल दाखवायचं बंद, तीन चुकले की शेजारच्या गॅरेजमधे मोठ्या आवाजात विचारतो ते मालक कुठं गेले ओ. हे बरोबर नाही. वसुली करायची तर माझ्या दारात कर.

मालाबद्दल थोडं. नाशिकच्या टपारियाचा किंवा जालंधर-लुधियानाकडचा नाव असलेला माल त्याच्याकडं असतो तो डोळे झाकून घ्या, तो दुकानातलाच आहे. पण खालच्या खणात काही बिननावाचा माल ठेवतो, वर नुसतं क्रोम व्हॅनेडियम छापलेलं, चकाचक पॉलिश, हातात घेतला की वजन चांगलं वाटतं. त्यातला बाराचा रिंग पाना माझ्याकडं फाकला, बोल्ट तसाच आणि पान्याचं तोंड मोठं. तो बदलून दिला त्यानं, पण बदलून दिलेला पण तसलाच. आणि हवेच्या गनला चकचकीत क्रोमची गोटी लावू नका, त्याला काळी इम्पॅक्ट गोटी लागते, भिंत जाड असते आणि धातू वेगळा असतो. क्रोमची गोटी गनवर तडकली की तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. अशी तडकलेली गोटी गाडीवाला गॅरंटीत घेत नाही आणि तिथं तो बरोबर आहे, भांडू नका.

स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचायचं यंत्र, मात्र त्याच्याकडून घेऊ नका. १ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स आल्यावर स्कॅनरशिवाय टू व्हीलरवाल्यांचं पण चालत नाही हे खरं, आणि त्याला ते बरोबर कळलंय, दर वेळी नवीन टॅबलेट काढून दाखवतो, लांबलचक हप्ते. पाना एकदा घेतला की घेतला, स्कॅनर तसा नसतो. नवीन मॉडेल आलं की अपडेट लागतं, अपडेटचे वर्षाला पैसे, अडलं तर फोन कुणाला करायचा? त्याला विचारलं तर म्हणतो कंपनीचा नंबर देतो. हप्ते संपायच्या आत अपडेट संपलेलं असतंय. स्कॅनर ज्याच्याकडं सर्व्हिस आहे अशा माणसाकडून घ्या, आणि पक्कं जीएसटी बिल घेऊन.

बिलावरून आठवलं, हा बिल मागितल्याशिवाय देत नाही. सगळं त्याच्या वहीत, लाल कव्हरची लांबडी वही, माझ्या नावाचं पान त्यालाच सापडतं. एकदा बाकी माझ्या हिशोबानं नऊशे आणि त्याच्या वहीत चौदाशे. भांडण झालं नाही कारण मी दर वेळी पैसे यूपीआयनं टाकलेले, मोबाईलवर एकेक तारीख काढून दाखवली, त्याला एक हप्ता लिहायचा राहिलेला सापडला, सॉरी मालक म्हणून खोडलं. रोख दिले असते तर गेले होते पाचशे. आता मी हप्ता दिला की त्या पानाचा फोटो काढतो. पहिल्यांदा त्याला राग आला, आता स्वतःच वही पुढं करतो, घ्या काढा.

सध्या टॉर्क रेंच सांगून ठेवलाय, हेड बोल्ट अंदाजानं आवळायचं बंद करायचंय. भाव दोन घेतलेत, ह्या वेळी रोखीनंच घेणार, तेवढं उसाचं बिल यायला पाहिजे.