प्राणी खालून की वरून? रस्ता चौपदरी होण्याआधी काय मागाल

जंगलातून जाणारा तुमच्या भागातला रस्ता चौपदरी होणार असेल, तर जनसुनावणीत प्राण्यांविषयी विचारल्यावर ‘आवश्यक त्या उपाययोजना केल्या जातील’ एवढंच ऐकायला मिळण्याची शक्यता दाट. म्हणून नेमकं काय मागायचं ते ठरवूनच जा. मुख्य पर्याय दोन आहेत: रस्ता उचलून घ्यायचा आणि प्राण्यांना खालून जाऊ द्यायचं (अंडरपास), नाहीतर रस्ता खाली ठेवून त्यावर प्राण्यांसाठी माती-झाडांचा पूल बांधायचा (ओव्हरपास).

पहिल्याचा आपल्याकडचा सगळ्यात चांगला तपासलेला नमुना पेंच व्याघ्र प्रकल्पाचा. नागपूर–सिवनी महामार्गावर (क्र. ४४) महाराष्ट्राच्या हद्दीत अशी नऊ बांधकामं आहेत, सर्वांत लहान ५० मीटरचं, सर्वांत लांब ७५० मीटरचं. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये तिथे कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावले. मार्च ते डिसेंबरात १८ जातींचे प्राणी टिपले गेले, आणि ११ वाघ मिळून ८९ वेळा खालून गेले. वर ट्रकांची रांग, खाली खांबांमधून वाघ. हे जमलं ते लांबीमुळे. चितळाला पलीकडचा उजेड आणि झाडी दिसली पाहिजे, नाहीतर कळप तोंडाशीच कचरतो.

इथेच फसगत होते. कागदावर रस्त्याखालच्या पाण्याच्या मोरीलाही ‘अंडरपास’ म्हणता येतं. मोरीतून मुंगूस जाईल, साळिंदर जाईल. शिंगांचा सांबर कशाला जातोय! शिवाय नाल्यावरची मोरी ऐन पावसाळ्यात तुंबलेली असते. तेव्हा नुसती संख्या ऐकून खूश होऊ नका, प्रत्येकाची लांबी आणि उंची विचारा.

वरच्या पुलांसाठी कॅनडातलं बॅन्फ राष्ट्रीय उद्यान बघावं. तिथल्या महामार्गावर सहा ओव्हरपास, ३८ अंडरपास आणि दोन्ही बाजूंना कुंपण आहे. गाड्यांशी होणाऱ्या प्राण्यांच्या धडका ८० टक्क्यांहून जास्त घटल्या. ग्रिझली अस्वल आणि मोठी हरणं मोकळा वरचा पूल पसंत करतात, काळं अस्वल आणि प्यूमा (तिथलं मोठं रानमांजर) अरुंद, आडोशाची वाट धरतात. एकाच जंगलातल्या दोन अस्वलांचं एकमत नाही, तिथे सगळ्यांना एकच माप कसं चालेल?

ओव्हरपासवर माती टिकवावी लागते, झाडं जगवावी लागतात, दिवे आणि आवाज अडवायला कडेला भिंत लागते. मातीचं वजन मोठं, त्यामुळे बांधकामही नाजूक. समृद्धी महामार्गावर एप्रिल २०२२ मध्ये काम चालू असतानाच ओव्हरपासच्या कमानीचा भाग कोसळला होता. सपाट जमिनीवर पुलाला दोन्हीकडे लांब उतार द्यावा लागतो आणि जागा खूप जाते. पण रस्ता टेकडी कापून जात असेल, तर हाच पर्याय सरस: दोन्ही काठ आधीच उंच असतात, त्यांना फक्त जोडायचं.

म्हणून माझं मत असं: नाले, सखल भाग, भराव असेल तर अंडरपास, खिंड असेल तर ओव्हरपास. विदर्भातल्या सपाट जंगलात मी डोळे झाकून लांब अंडरपास मागेन.

दोन्हींत कुंपण मात्र सोडू नका. ते नसेल तर प्राणी जुन्याच पायवाटेने डांबरावर येतात. कुंपण भलत्याच जागी संपलं तर अपघात त्या टोकाशी होऊ लागतात, म्हणून ते कुठपर्यंत जाणार आणि तुटलं तर दुरुस्ती कोण करणार, हे लेखी घ्या. पुलाखाली ट्रक थांबणार नाहीत, ढाब्याचे दिवे लागणार नाहीत, हेही त्यातच.

वानरांसारख्या झाडावरच्या प्राण्यांचा प्रश्न वेगळा. त्यांना फांदी ते फांदी दोरांचे पूल पुरतात; तमिळनाडूत वालपराईला सिंहपुच्छ माकडांसाठी ते बांधले आहेत.

आणि रस्ता दुपदरीच राहणार असेल, तर बांधकामाआधी रात्रबंदीचा विचार करा. कर्नाटकातल्या बंदीपूरच्या जंगलातून केरळकडे जाणाऱ्या रस्त्यावर २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा वाहतूक बंद असते; रुग्णवाहिका आणि मोजक्या बसना तेवढी मुभा. केरळकडून त्यावर सतत तक्रारी होतात, व्यापाऱ्यांची अडचण खरीच आहे. पण पर्यायी रस्ता असेल, तर एवढ्या कमी खर्चात दुसरं काही मिळणार नाही.