शब्द फोडायचा की अख्खा गिळायचा?

इंग्रजी वाक्प्रचार समोर आला की दोन वाटा दिसतात: शब्दशः चित्रातून अर्थ लावायचा, किंवा अख्खा तुकडा एकाच शब्दासारखा पाठ करायचा.

पहिली वाट 'स्पिल द बीन्स'ला छान चालते. बीन्स म्हणजे गुपित, सांडणं म्हणजे ते फोडणं. भागाला भाग जुळतो. म्हणून इंग्रजीत कर्मणी प्रयोग केला तरी लाक्षणिक अर्थ टिकतो. 'ब्रेक द आइस'चंही तसंच: बर्फ फुटला, अवघडलेपण गेलं.

'किक द बकेट' मात्र फसवतो. बादलीला लाथ मारण्यात मरण कुठे शोधणार? १७८५ च्या फ्रान्सिस ग्रोस यांच्या बोलीकोशातही त्याचा अर्थ सरळ 'मरणे' असा दिलाय. वाक्य कर्मणी केलं की उरते नुसती लाथ खाल्लेली बादली! आपल्या 'पोबारा करणे'सारखा तो अख्खाच घ्यावा लागतो. शिवाय सूर थट्टेचा. सांत्वनाच्या पत्रात नकोच.

मी आधी चित्रच डोळ्यांसमोर आणतो, लक्षात तेच राहतं. निवाडा मात्र मागचंपुढचं वाक्य करतं. बोलणं बर्फ कापणाऱ्या जहाजाबद्दल असेल, तर 'ब्रेक द आइस'मधला बर्फ खराच असतो.