प्रिन्सेस स्ट्रीटवरची सिलिका पावडर: चार स्टार, पाचवा पिशवीने घालवला

माटुंग्याला लॅबमध्ये पीएचडी करते, लायपेजवर काम आहे (ॲसिड आणि अल्कोहोल जोडून एस्टर बनवणारं एन्झाइम). सर म्हणाले सर्फॅक्टंट (तेल-पाणी मिसळवणारं साबणासारखं रसायन) नको, एन्झाइमची वाट लागते, पिकरिंग इमल्शन करून बघ. म्हणजे तेल आणि पाण्याच्या हद्दीवर साबणाऐवजी बारीक कण (माझ्याकडे सिलिकाचे) जाऊन बसतात, आणि एकदा बसले की सहसा उठत नाहीत. पिकरिंगने १९०७ मध्ये लिहिलं म्हणून त्याचं नाव, रॅम्सडेनने १९०३ लाच बघितलं होतं, पण बिचाऱ्याला कोण विचारतंय.

दुकानाचं नाव नाही लिहीत, कारण पहिल्यांदा काकांनी साधी फ्यूम्ड सिलिका (धुळीसारखी बारीक पावडर) बांधून दिली, मी सिलेनवाली (पाण्याने न भिजणारा लेप दिलेली) मागितली होती तर म्हणे "अगं, सगळी सारखीच". सारखी कुठली! साधीला पाण्याची ओढ, ती पाण्यातच मुरली आणि मी चहा पिऊन येईपर्यंत सगळं इमल्शन फुटून खाली पाणी वर हेप्टेन (म्हणजे माझं तेल). दुसऱ्या दिवशी त्यांच्याच काउंटरवर पाण्याचे दोन ग्लास मागितले, एकात साधी टाकली ती भिजून खाली, दुसऱ्यात सिलेनवाली, ती कोरडी ठणठणीत वर तरंगतेय. काका हसले, बदलून दिली, वरचे पैसेही घेतले नाहीत.

ही मात्र एक नंबर. पाण्यात लायपेज, हेप्टेनमध्ये हेक्झॅनॉल (अल्कोहोल) आणि हेक्झॅनोइक ॲसिड, पावडर टाकून होमोजिनायझर (जोरात घुसळणारं यंत्र) फिरवला की दुधासारखं पांढरं. त्यातला थेंब हेप्टेनमध्ये सोडला तर पसरतो, पाण्यात सोडला तर गोळी होऊन राहतो, म्हणजे तेलात पाण्याचे थेंब, हवं तेच. एरवी दोन थर रुसलेल्या जावांसारखे वेगळे बसतात आणि रिॲक्शन मधल्या एका रेषेवर, इथे हद्दच हद्द, आणि लायपेजला काम करायला हद्दच लागते. तयार झालेलं एस्टर तेलात निघून जातं ते वेगळंच सुख.

ते ॲसिड बोकडासारखं वास मारतं, लोकलच्या लेडीज डब्यात माझ्या बाजूची सीट रिकामी राहिलीय (संध्याकाळी ६ च्या दादर गाडीत!). पण संध्याकाळपर्यंत फ्लास्कमधून फळांसारखा वास यायला लागला. टायट्रेशन (किती ॲसिड उरलं ते मोजणं) पण केलं, नुसत्या वासावर सर ऐकत नाहीत. थेंब खाली बसले की वरचं हेप्टेन काढून नवीन भरायचं, एन्झाइम तेच. तिसऱ्या वेळी थोडे थेंब एकमेकांत मिसळले, चालतंय.

आता पिशवी. पातळ प्लॅस्टिक, लॉट नंबर नाही, आणि पावडर इतकी हलकी की पंखा चालू ठेवून उघडली तर अख्खं टेबल पांढरं. मास्क लावाच. आणि काकांकडे डब्यातली मागा, आत ठेवलेली असते.