हिरवळ की फुलबाग: साताऱ्यातल्या घरापुढच्या जागेपुरता विचार

घरापुढच्या मोकळ्या जागेत हिरवळ राखावी की ती काढून फुलझाडे लावावीत, हा प्रश्न साताऱ्यात बंगला बांधणाऱ्या अनेकांना पडतो. आमच्याकडे काही वर्षे हिरवळ होती आणि आता त्याच जागेवर फुलबाग आहे, त्यामुळे माझे मत अगदी तटस्थ असेल असे नाही.

हिरवळीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. थंडीत कोवळ्या उन्हात बसायला आणि मुलांना खेळायला तिच्याइतकी सोयीची जागा नाही. पाणी मिळत राहिले तर ती मे महिन्यातही हिरवी राहते, तर फुलबाग त्या दिवसांत ओकीबोकी दिसते, हे मान्य करायला हवे. अर्थात ‘पाणी मिळत राहिले तर’ ही अट उन्हाळ्यात जड जाते. हिरवळीच्या काळात आमची टाकी दुपारीच तळ गाठत असे. आता झाडांच्या आळ्यांत उसाचे पाचट अंथरल्यापासून एक दिवसाआड पाणी दिले तरी भागते. पाचटाने कधी कधी वाळवी येते, तेव्हा ते खोडाला चिकटू देऊ नये.

तरीही केवळ पाण्यासाठी मी हिरवळ काढली नसती. निर्णय झाला तो लव्हाळा या चिवट तणामुळे. मातीसकट आणलेल्या लॉनच्या तुकड्यांबरोबर किंवा वरून टाकलेल्या मातीतून त्याच्या गाठी येतात आणि एकदा आल्या की जात नाहीत. वरचे पाते उपटले तर ते हातात येते, गाठ मात्र जमिनीतच राहते आणि तिला पुन्हा कोंब फुटतो. यंत्राने कापले तर दोन दिवसांत लव्हाळा गवताच्या वर डोके काढतो आणि नुकतीच कापलेली हिरवळ विस्कटलेली दिसू लागते. गाठीपर्यंत पोहोचायचे तर खुरप्याने खोल उकरावे लागते, आणि तसे उकरले की हिरवळीला खड्डे पडतात. ऊस पिकवणारे शेतकरी यासाठी हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक फवारतात हे मला ठाऊक होते, परंतु ज्या गवतावर लहान मुले लोळतात तिथे ते फवारण्यास मन धजावले नाही.

लव्हाळा फुलबागेतही येतो, मात्र तिथे त्याच्याशी झुंजता येते. वाफ्यात बिनदिक्कत खुरपे चालवता येते आणि मुख्य म्हणजे लव्हाळ्याला सावली सोसत नाही. सदाफुली, अबोली, कर्दळ दाट वाढल्यावर त्यांच्या बुडाशी तो आपोआप विरळ झाला, असा माझा अनुभव आहे.

फुलबागेची कटकट वेगळी आहे. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडतो, आणि साताऱ्याच्या जुलै-ऑगस्टमधील सततच्या रिमझिमीत गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके येतात. शेवंतीच्या मुळाशी पाणी साचले तर ती कुजते, म्हणून वाफे उंच हवेत. कासचे पठार पाहून आल्यावर घरापुढे तसाच फुलांचा गालिचा करण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. पश्चिम घाटातील ज्या स्थळांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास आहे. तिथली फुले कातळावरच्या पातळ मातीत, पावसाच्या भरवशावर, थोड्याच आठवड्यांसाठी येतात आणि शेणखत घातलेल्या वाफ्यात ती रमतील असे वाटत नाही. त्यापेक्षा मोगरा, तगर, निशिगंध आणि दसऱ्यासाठी झेंडू, ही आपली नेहमीची फुले बरी.

घरात खेळती मुले असतील आणि आठवड्याला गवत कापणारा माणूस मिळत असेल, तर हिरवळ ठेवण्यात काही गैर नाही. इतरांनी, निदान माझ्या मते, फुलझाडांकडे वळावे. गणपतीच्या दूर्वांसाठी एका कडेला हरळी राखायची असेल तर ती वाफ्यांत शिरू नये म्हणून मध्ये विटांची कड वीतभर खोल गाडून घ्यावी.